सापडलं

कुडचड्याच्या बाजारात, आमच्या दुकानातून
आजवर एकोणीस डबे गेले.
काळे, साबणाच्या वडीएवढे, पुढे एक निळा ठिपका.
गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगतो:
घरच्या कॉम्प्युटरवर जे काही साठलंय
ते हा हवेतून उचलतो आणि टीव्हीवर मांडतो.
‘हवेतून?’ म्हणत प्रत्येक जण
एकदा वर पंख्याकडे बघतो.

मग फोन सुरू होतात.
सांवर्ड्याच्या दुलबा मास्तरांच्या घरी
जत्रेतलं नाटक दुसऱ्या अंकात अडकलं,
राजा तलवार उपसून उभा,
मंडळी जेवून, हात पुसून परत आली
तरी तो तसाच, डोक्यावर गोल चक्र फिरतंय.
जाऊन बघितलं तर मधे हातभर जाड चिऱ्याची भिंत.
तिच्यातून शेजारच्या खोलीतली शिंकही ऐकू येत नाही,
तिथे माझ्या राऊटरची काय पत्रास.

केप्याचा उल्हास वेळीप म्हणाला,
लग्नाच्या कॅसेटीत भटजी आधी तोंड हलवतात
आणि मंत्र मागाहून येतात.
दुरुस्त करू?
‘नको, राहू दे,’ म्हणाला, ‘त्या दिवशी
मला तरी कुठे वेळेवर काही कळत होतं!’

पण चांदरची लिबेराता बाय.
तिने दोन महिन्यांत सात वेळा फोन केला.
‘बाबा, तो दिसना.’
कोण दिसत नाही?
‘तो. टीव्हीर येना.’

गेलो. बाल्कांवात चपला काढल्या.
तियात्रं, फेस्ताची मिरवणूक, गावातल्या फुटबॉलच्या मॅची,
सगळं मुलाच्या कॉम्प्युटरवर. मुलगा तारवटी,
नऊ नऊ महिने बोटीवर.
कॉम्प्युटर झोपला की डब्याला काही सापडत नाही,
म्हणून हिने रोज संध्याकाळी आंजेलूसनंतर
त्याच्या खोलीची कडी काढायची,
खुर्चीवरचं जर्किन बाजूला सारायचं, बटण दाबायचं.
वीज गेली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.
आणि गुडघे तर कधीचे संपावर.

मला हसूच आलं, इतकं सोपं होतं.
सगळं एका छोट्या डिस्कवर उतरवलं,
ती डब्याच्या पाठीला लावून दिली.
आता कॉम्प्युटर नको, खोली नको, कडी नको.
रिमोट दाबा, तियात्र चालू.
तिने माझे आभार मानले,
दोदोलाचा तुकडा कागदात बांधून दिला.

आठव्या दिवशी ती स्वतः दुकानात हजर,
बसने, छत्री टेकत.
डिस्क काउंटरवर ठेवली.
बिघडली?
‘ना.’
हळू चालते?
‘ना रे. बरी चलता.’
मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, एकाला
चार्जर हवा होता, तो पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता.
‘पयलीं आशिल्लें,’ ती म्हणाली, ‘तशें करून दी.’

मी समजावलं. दोनदा. वायर दाखवली,
फायदे सांगितले, एकाच्या जागी तीन बोटं मोजली.
ती ऐकत होती, जशी पाद्रीचं लांबलेलं प्रवचन ऐकत असेल.

संध्याकाळी स्कूटर काढली, गेलो,
डिस्क सोडवली, जुनं होतं तसं जोडलं.
पडद्यावर आलं: शोधत आहे.
चक्र फिरू लागलं.
तोवर ती उठली होती.
पॅसेजमध्ये सपातांचा आवाज, एक पाय घासत,
मग कडी. मग बराच वेळ काहीच नाही.
मग आतून जुन्या यंत्राचा पंखा घरघरला,
मिक्सरमध्ये खडा पडल्यासारखा.

टीव्हीवर एक ओळ उमटली,
इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव,
एल्सन, आडवी रेघ, पीसी.

ती दारात उभी, भिंतीला हात लावून, धापा टाकत.
‘आयलो,’ म्हणाली.

तियात्र तिने लावलंच नाही, निदान मी असेपर्यंत.

दुकानाच्या वहीत तक्रारीचा रकाना असतो,
आणि शेजारी ‘काय केले’चा.
दुसऱ्यात मी ‘होते तसे केले’ लिहिलं.
पहिला कोरा सोडला, मालक विचारतील तेव्हा बघू.
डिस्क खिशातच राहिली.
उद्या तिचे पैसे परत करायचे आहेत,
ती घेणार नाही.